आठ शहरांचं मैलापाणी आणि एक प्लांट: कारभार कोण बघतं, कारखान्याला कोण पकडतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. घर कुपर्टिनोत, प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात सॅनिटरी डिस्ट्रिक्टची वेगळी ओळ, पण पाणी शेवटी जातं कॅलिफोर्नियातल्याच सॅन होजेच्या मैलापाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटला, मग प्लांट नक्की कोणाचा, रेट कोण ठरवतं, आणि एखाद्या कारखान्याने रात्रीतून ॲसिड सोडलं तर त्याला धरायचा अधिकार कोणाला. आणि शेवटी विचारलंय की पुणे आणि पिंपरी चिंचवडला असं एकत्र का जमत नाही. मी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतीच्या भागात, सांडपाण्याच्याच कामात वीसेक वर्षं काढलीत, आधी कारखान्यांची तपासणी आणि नंतर शहरांमधले करार, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे आणि उत्तर लांबणार आहे.

पहिलं म्हणजे कुपर्टिनो शहर वेगळं आणि कुपर्टिनो सॅनिटरी डिस्ट्रिक्ट वेगळं. डिस्ट्रिक्टचं स्वतःचं पाच जणांचं बोर्ड आहे, लोकांनी निवडून दिलेलं, आणि तुमच्या रस्त्याखालची ड्रेनेज लाईन त्यांची आहे, सिटी हॉलची नाही. तसंच कॅम्पबेल, लॉस गॅटोस, मॉन्टे सेरेनो आणि साराटोगाचा बराचसा भाग यांचं काम वेस्ट व्हॅली सॅनिटेशन डिस्ट्रिक्ट बघतं. मिलपिटास स्वतःच्या लाईन स्वतः सांभाळतं. ही सगळी मंडळी पाणी गोळा करतात आणि अल्विसोच्या बाजूला, खाडीच्या टोकाला असलेल्या प्लांटला पोचवतात. प्लांटचं नावच सॅन होजे-सॅन्टा क्लॅरा रीजनल वेस्टवॉटर फॅसिलिटी, कारण मालक दोनच, सॅन होजे आणि सॅन्टा क्लॅरा. मोठा वाटा सॅन होजेचा आणि रोजचा कारभारही सॅन होजेच चालवतं. बाकीचे मालक नाहीत, त्यांनी करार करून कपॅसिटी घेतलेली आहे. एकूण आठ शहरं, साधारण 14 लाख लोक, आणि कोरड्या हंगामात रोज 16.7 कोटी गॅलन, म्हणजे आपल्या हिशोबात 63 कोटी लिटर, इतकं पाणी घ्यायची परवानगी.

हे असं कसं झालं ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. आज जिथे चिप आणि सॉफ्टवेअर आहे तिथे तेव्हा जर्दाळू, प्लम आणि पीचच्या बागा होत्या आणि फळं डब्यात भरणाऱ्या कॅनऱ्या होत्या. उन्हाळ्यात हंगाम सुरू झाला की साली, गर, साखरेचं पाणी, सगळं कच्चंच खाडीत जायचं. 1956 मध्ये सॅन होजेने प्लांट सुरू केला, 1959 मध्ये सॅन्टा क्लॅरा करार करून भागीदार झालं, आणि आजूबाजूची गावं वाढत गेली तशी एकेक जोडली गेली. दर गावाने आपला छोटा प्लांट बांधायचा तर जागा, माणसं, लॅब, सगळं आठ वेळा करायचं, आणि खाडीच्या त्या उथळ टोकाला आठ ठिकाणी पाणी सोडायचं, जे शहाणपणाचं नव्हतंच. 1983 मध्ये जोडलेल्या गावांशी मास्टर ॲग्रीमेंट झाली, आणि आजही कुठल्याही वादात आधी तीच फाईल उघडली जाते.

आता कारभार. सगळ्यांचे प्रतिनिधी बसतात ती ट्रीटमेंट प्लांट ॲडव्हायझरी कमिटी, सगळे तिला टीपॅक म्हणतात. बजेट, मोठी टेंडरं, दुरुस्तीचे प्लॅन आधी तिथे येतात. पण नावातच ॲडव्हायझरी आहे. ती शिफारस करते, शेवटचा ठराव सॅन होजे आणि सॅन्टा क्लॅराच्या कौन्सिलमध्ये होतो. 2013 मध्ये पुढच्या 30 वर्षांचा मास्टर प्लॅन मंजूर झाला तोही या दोन कौन्सिलांनीच केला, आणि त्या प्लॅनमधली कामं दोन अब्ज डॉलरच्या घरातली आहेत. म्हणजे कॅम्पबेलच्या माणसाने त्या खर्चाचा आपला हिस्सा भरायचा, पण शेवटच्या ठरावाला त्याचा हात वर होत नाही. गावांची ही तक्रार जुनी आहे आणि माझ्या मते रास्त आहे. दुसरी बाजू अशी की काही बिघडलं तर जबाबदारी मालकांवर येते. 1979 च्या सप्टेंबरात प्लांट बिघडला आणि काही आठवडे अर्धवट शुद्ध केलेलं पाणी दक्षिण खाडीत गेलं, पाण्यातला ऑक्सिजन पार खाली गेला. तेव्हा कुणी साराटोगाला जाब विचारला नाही. खाडीत पाणी सोडायचं परमिट रीजनल वॉटर क्वालिटी कंट्रोल बोर्डाकडून मिळतं, ते प्लांटच्या मालकांच्या नावावर असतं, आणि दंडही त्यांच्याच नावाने येतो.

इथेच या सगळ्या व्यवस्थेची खरी गाठ आहे. समजा मी प्लांटचा मालक, परमिट माझ्या नावावर, पण विष येणार दुसऱ्या शहराच्या हद्दीतून. मग मला त्या हद्दीत शिरायचा हक्क पाहिजे. पाईप जोडायला कॉन्ट्रॅक्टर मिळतो हो, हा हक्क कागदावर आणायला मात्र वर्षं जातात.

अमेरिकेचा 1972 चा क्लीन वॉटर ॲक्ट आणि त्याखालचे प्रीट्रीटमेंटचे नियम, म्हणजे कारखान्याने ड्रेनेजमध्ये सोडण्याआधी आपलं पाणी साफ करायचे नियम, काय म्हणतात, तर प्लांट चालवणाऱ्या शहराने स्वतः कारखान्यांना परमिट द्यायचं. रोज 25,000 गॅलन, म्हणजे साधारण 95 हजार लिटर किंवा जास्त प्रोसेसचं पाणी सोडणारा, किंवा प्लेटिंग (धातूवर मुलामा चढवणं), सेमीकंडक्टर अशा यादीतल्या उद्योगातला कारखाना असेल तर त्याला परमिट लागतंच, जास्तीत जास्त पाच वर्षांचं. वर्षातून किमान एकदा शहराने जाऊन तपासणी करायची आणि स्वतः सॅम्पल घ्यायचं. पीएच, म्हणजे ॲसिडपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त), 5 च्या खाली असलेलं पाणी सोडायचं नाही. पाणी मिसळून पातळ करून लिमिटमध्ये बसवायचं नाही, हा नियम मला सगळ्यात आवडतो कारण पळवाट तीच असते. दिवसाला किमान 1,000 डॉलर दंड करायचा अधिकार शहराच्या ऑर्डिनन्समध्ये, म्हणजे शहराने केलेल्या स्थानिक कायद्यात, असायलाच हवा, आणि जे गंभीर उल्लंघन करतात त्यांची नावं दरवर्षी पेपरात छापायची. अनुभवाने सांगतो, दंडापेक्षा पेपरातल्या नावाला लोक जास्त घाबरतात, कारण गिऱ्हाईक कंपनीचे लोक ती यादी वाचतात.

पण ऑर्डिनन्स चालतो आपल्या शहराच्या हद्दीपुरता. म्हणून जोडलेल्या प्रत्येक गावाने स्वतःचा सीवर ऑर्डिनन्स करायचा, तो प्लांटच्या शहराइतकाच कडक असायचा, आणि करारात लिहून द्यायचं की प्लांटचा इन्स्पेक्टर आमच्या हद्दीत आमच्या वतीने तपासणी करेल, आणि आम्ही कारवाईत कुचराई केली तर तो स्वतः करेल. हे शेवटचं वाक्य नसेल तर बाकीच्या पन्नास पानांचा फारसा उपयोग नाही.

माझ्याच बाबतीत घडलेलं सांगतो. मी तेव्हा ज्या प्लांटसाठी काम करायचो त्याचं आणि त्या गावांचं नाव घेत नाही. लाईन साफ करणाऱ्या पोरांनी फोन केला की एका मॅनहोलचं काँक्रीट खाल्लंय. गेलो, झाकण उघडलं, टॉर्च मारला. आता ड्रेनेजच्या गॅसने काँक्रीट खाल्लं तर ते पाण्याच्या वर, छताकडे खातं. इथे वरचा भाग ठणठणीत आणि तळाची खडी उघडी पडलेली, दात विचकल्यासारखी. म्हणजे ॲसिड पाण्यातूनच वाहत येत होतं. पीएचची पट्टी दोरीला बांधून सोडली, लाल आली. मग एकेक मॅनहोल उघडत वर वर जात राहिलो, चौथ्याला लाल, पाचव्याला लाल, सहावं मॅनहोल रस्त्याच्या पलीकडे, आणि रस्त्याचा मधला पट्टा म्हणजे दोन शहरांची हद्द. पलीकडे एक छोटं प्लेटिंगचं शॉप दिसत होतं, मागच्या दारातून वाफ येत होती. आमच्या जुन्या करारात होतं की संबंधित शहराच्या माणसाला सोबत घेऊनच जायचं. त्यांचा माणूस एकच, तो दुसरीकडे बिल्डिंग इन्स्पेक्शनला. मी त्या रस्त्याच्या कडेला सकाळी साडेनऊ ते दुपारी दोन उभा राहिलो आणि दोन वाजता आम्ही आत गेलो तेव्हा पट्टी हिरवी, फरशी धुतलेली, मालक चहा विचारतोय. घरी येऊन जेवण गेलं नाही मला त्या दिवशी.

पुढे करारात दुरुस्ती व्हायला चौदा महिने लागले. तोपर्यंत आमच्या हद्दीतल्या मॅनहोलमध्ये ऑटोसॅम्पलर लटकवून ठेवला, बर्फ भरलेला, दर पंधरा मिनिटांनी एक घोट पाणी ओढणारा, आणि त्यातून कळलं की रात्री एक ते तीनच्या दरम्यान बॅच सोडतात. सॅम्पल सील करून, कोणी कोणाच्या हातात कधी दिलं याच्या सह्या घेऊन लॅबला दिलं, कारण सह्यांची ती साखळी तुटली की वकील सगळं उडवून लावतो. दुरुस्ती झाल्यावर पहिल्याच आठवड्यात न सांगता आत गेलो. म्हणून कुणी मला विचारलं की एकत्र प्लांट करताना आधी काय लिहायचं, तर मी पैशाच्या आधी एंट्रीचं कलम सांगतो.

लिमिट ठरवणं हाही शहरांमध्ये भांडणाचा विषय असतो. प्लांट एकूण किती तांबं, किती निकेल झेपवू शकतो ते काढायचं, त्यातून घरांमधून येणारं वजा करायचं, काही भाग पुढच्या वाढीसाठी राखून ठेवायचा आणि उरलेलं कारखान्यांमध्ये वाटायचं. इथे प्रत्येक शहर म्हणतं आम्हाला जास्त द्या, आम्हाला उद्योग आणायचेत. 90 च्या दशकात दक्षिण खाडीत तांबं आणि निकेल हा मोठा प्रश्न होता आणि सगळ्यांची बोटं इलेक्ट्रॉनिक्सकडे होती, पण मोजायला लागल्यावर दिसलं की घरातल्या तांब्याच्या नळांतूनही येतं, आणि पावसाच्या पाण्यातून थेट खाडीत जाणारं तर गाड्यांच्या ब्रेक पॅडमधून. शेवटी कॅलिफोर्नियाने 2010 मध्ये कायदाच केला की ब्रेक पॅडमधलं तांबं 2021 पर्यंत 5 टक्क्यांच्या खाली आणि 2025 पर्यंत अर्ध्या टक्क्याच्या खाली आणायचं. शेजारच्या पालो आल्टोच्या प्लांटचं उदाहरण मी नेहमी देतो. तोही सामायिक, माउंटन व्ह्यू आणि लॉस आल्टोससोबत 1968 च्या करारातून झालेला. तिथे फोटो धुणाऱ्या दुकानांतून येणारी चांदी आणि कारखान्यांचं तांबं आटोक्यात आणलं, आणि बाहेरच्या चिखलातल्या शिंपल्यांमध्ये त्याचं प्रमाण 80 च्या दशकात उतरत गेलेलं शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं मोजून दाखवलं. परमिट, तपासण्या, नोटिसा, हे सगळं कागदी काम वाटतं पण त्या शिंपल्यांना ते कळलं, आणि माझ्यासारख्या माणसाला एवढं पुरतं.

हॉटेलांच्या तेलाचंही तेच. एका शहरात ग्रीस इंटरसेप्टर (सांडपाण्यातलं तेल-चरबी अडवणारी टाकी) सक्तीचा आणि शेजारच्या शहरात नाही, असं झालं की तळणाचं सगळं तेल शेजारच्या लाईनमधून त्याच प्लांटला येतं आणि वाटेत पाईप चोंदतो. इंटरसेप्टर चरबी आणि गाळाने पाव भरला की उपसायचा, हा सगळीकडे चालणारा नियम. आपल्या लोकांची बरीच हॉटेलं आहेत या भागात, त्यांना मी कळकळीने सांगतो की कढईतलं तेल गरम पाण्यासोबत सिंकमध्ये ओतू नका, पुढच्या वळणावर ते थिजतंच.

आता पैसे, कारण तुमच्या बिलातली ओळ तिथून येते. खर्च दोन प्रकारचा. रोजचा चालवायचा खर्च वाटला जातो पाणी किती आलं आणि त्यात घाण किती होती यावर, म्हणजे फ्लो, बीओडी (जिवाणूंना ती घाण खाताना लागणारा ऑक्सिजन), तरंगता गाळ आणि अमोनिया, या चार गोष्टींवर. बांधकामाचा खर्च वाटला जातो कोणी किती कपॅसिटी घेतली आहे यावर, वापरा न वापरा. लोकांना इथे धक्का बसतो तो असा की दुष्काळात सगळ्यांनी पाणी वाचवलं, कमी पाण्याचे फ्लश बसवले, फ्लो घटला, तरी बिल कमी होत नाही. कसं होईल, माणसं तेवढीच, घाण तेवढीच, फक्त दाट झाली. भात शिजवताना पाणी कमी घातलं तर पेज दाट होते, तांदूळ कमी होत नाहीत. प्लांटमध्ये घाण खाणाऱ्या जिवाणूंना एअर ब्लोअरने तेवढाच ऑक्सिजन द्यावा लागतो आणि वीज तिथेच जाते.

फ्लो मोजायचा कसा यावरही तासन् तास मीटिंगा होतात. हद्दीवरच्या लाईनमध्ये मीटर बसवला तरी त्यात चिंध्या अडकतात, पाणी कमी असलं की आकडा चुकतो, मग ज्याचं बिल वाढतं तो म्हणतो मीटर खराब. घरांचा फ्लो बऱ्याच ठिकाणी हिवाळ्यातल्या पाण्याच्या वापरावरून धरतात कारण तेव्हा बागेला पाणी नसतं, नळातून आलेलं जवळजवळ सगळं ड्रेनेजमध्ये जातं. आणि जुन्या फुटक्या लाईनमधून पावसाचं पाणी आत शिरतं, ते ज्याच्या लाईन त्यानेच भरायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, नाहीतर लाईन दुरुस्त करणाऱ्या शहराला न करणाऱ्या शहराचा भार उचलावा लागतो.

तुमचा रेट मात्र शेवटी तुमचं डिस्ट्रिक्टच ठरवतं. प्लांटचा वाटा अधिक स्वतःच्या लाईनचा खर्च. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेल्या 1996 च्या प्रपोझिशन 218 मुळे रेट वाढवायच्या 45 दिवस आधी पत्र येतं आणि निम्म्याहून जास्त घर-जागा मालकांनी लेखी विरोध केला तर वाढ होत नाही. ते पत्र लोक जाहिरात समजून फेकून देतात, कृपा करून फेकू नका.

एक वेगळा प्रसंगही सांगायला हवा कारण तिथे ही शहरं खरोखर एकदिलाने वागली. प्लांटचं पाणी इतकं स्वच्छ आणि गोडं व्हायला लागलं की खाडीच्या टोकाची खारी दलदल गोड्या पाण्याच्या दलदलीत बदलायला लागली, आणि खाऱ्या दलदलीत राहणारा एक छोटा उंदीर आणि क्लॅपर रेल हा पाणपक्षी, दोघेही आधीच धोक्यात, त्यांची जागा जायला लागली. 1990 मध्ये राज्याच्या बोर्डाचा आदेश आला, आणि कोरड्या हंगामात रोजचा फ्लो 12 कोटी गॅलनच्या आत ठेवायचा असं ठरलं. परवानगी 16.7 ची आणि सोडायचं 12 च्या आत, आता कोणत्या शहराने वाढ थांबवायची? त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून जुने फ्लश बदलण्यासाठी पैसे दिले आणि 90 च्या दशकाच्या शेवटी शुद्ध केलेलं पाणी जांभळ्या पाईपमधून सॅन होजे, सॅन्टा क्लॅरा आणि मिलपिटासच्या बागांना, गोल्फ कोर्सना, कारखान्यांना द्यायला सुरुवात केली. तुम्ही रस्त्याकडेला जांभळी झाकणं बघितली असतील, ती हीच.

आणि आता पुढचं मोठं काम येऊन ठेपलंय. 2022 च्या उन्हाळ्यात खाडीत लाल-तपकिरी शेवाळ माजलं आणि प्रचंड मासे मेले, त्याला खतपाणी मिळतं ते आपल्या सांडपाण्यातल्या नायट्रोजनचं. जुलै 2024 मध्ये रीजनल बोर्डाने खाडीभोवतीच्या सगळ्या शहरी प्लांटांना मिळून एकच परमिट दिलं की 2034 पर्यंत कोरड्या हंगामातला नायट्रोजन एकूण 40 टक्क्यांनी कमी करा. म्हणजे आता आठ शहरांचा करार पुरत नाही, सगळी खाडीच एका करारात. ज्यांनी आधीच काम केलंय त्यांना श्रेय द्यायचं की नाही, एका प्लांटने जास्त कमी केलं तर दुसऱ्याला ते वापरता येईल का, हे सगळं सध्या चालू आहे.

पुण्याबद्दल. मुळा नदीच्या सांगवी-दापोडीच्या बाजूला पिंपरी चिंचवड आणि औंध-बोपोडीच्या बाजूला पुणे, पाणी एकच आणि महापालिका दोन, दोघांचे प्लांट वेगळे, जायका या जपानी संस्थेच्या कर्जातला 11 प्लांटांचा प्रकल्प पुणे महापालिकेचा. पण माझ्या मते मोठा फरक प्लांट वेगळे असण्यात नाही. आपल्याकडे 1974 च्या पाणी कायद्याखाली कारखान्याला ड्रेनेजमध्ये सोडायचीसुद्धा संमती देतं ते प्रदूषण नियंत्रण मंडळ. प्लांट महापालिकेचा, कारखान्याचा परवाना मंडळाचा. ज्याचे जिवाणू ॲसिडने मरतात त्याच्या हातात कारखान्याचं परमिट नाही, आणि ज्याच्या हातात परमिट आहे त्याला प्लांट चालवायचा नाही. इथे कायद्याने ही दोन्ही कामं एकाच्याच गळ्यात घातली, म्हणून तो शेजारच्या शहराशी भांडून का होईना एंट्रीचं कलम मिळवतो. आपल्याकडे त्यातल्या त्यात जवळचं उदाहरण म्हणजे एमआयडीसीतले सामायिक प्लांट, सीईटीपी, जिथे कारखानेच सभासद असतात, एकाच्या घाणीचा भुर्दंड सगळ्यांवर पडतो म्हणून एकमेकांच्या आउटलेटवर लक्ष ठेवायचं कारण तरी असतं. दोन महापालिकांनी सुरुवात करायची असेल तर प्लांट एक करायची गरज नाही, नदीच्या दोन्ही काठांना एकसारखी लिमिट, दोघांच्या लॅबचे आकडे रोज एकमेकांना, आणि मंडळासोबत तिघांची मिळून एक तपासणी टीम, जिला पूल ओलांडायला कुणाची परवानगी लागणार नाही, एवढं लिहून घेतलं तरी पुष्कळ होईल.

टीपॅकची मीटिंग खुली असते, अजेंडा आधी येतो. बजेट वसंत ऋतूत येतं, तेव्हा एकदा जाऊन बसा, आणि तुमच्या डिस्ट्रिक्टच्या बोर्डाला एवढंच विचारा की आपली घेतलेली कपॅसिटी किती, त्यातली वापरतो किती, आणि आपल्या लाईनमध्ये पावसाचं पाणी किती शिरतं.